चुकाऱ्याची तारीख

परभणी जिल्ह्यातली कारखानदारी शेताच्या बांधापासून फार लांब गेलेली नाही. मानवत, सेलू, जिंतूर, परभणी इथल्या जिनिंग-प्रेसिंग, सरकीच्या तेलगिरण्या आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांतले साखर कारखाने एवढी नावं घेतली की जिल्ह्याच्या उद्योगाचा मोठा भाग सांगून होतो. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे निजामाच्या मुलुखातून धावू लागली आणि तिच्या काठाने कापसाच्या पेठा वाढल्या. तेव्हापासून या धंद्याची एक गोष्ट बदललेली नाही. कच्चा माल चार-पाच महिन्यांत येऊन पडतो, त्याचे पैसे तेव्हाच मोजावे लागतात आणि पक्का माल मात्र सावकाश विकला जातो.

म्हणून इथल्या कारखान्याबद्दल बोलताना नफा किती झाला हे विचारण्याआधी पैसा कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला हे विचारायला हवं, असं माझं म्हणणं आहे. माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. रोखीचं नियोजन म्हणून जे शिकवलं जातं त्यात येणं लवकर वसूल करा, माल पडू देऊ नका आणि देणं जमेल तितकं लांबवा, अशा तीन गोष्टी एका दमात सांगतात. पहिल्या दोन खऱ्या आहेत. तिसरी परभणीसारख्या जिल्ह्यात खोटी ठरते. ती शेतकऱ्याचं नुकसान करते हे सगळेच मान्य करतील. कारखान्याचंही करते, हे मात्र हिशेबाने दाखवावं लागेल.

हिशेबासाठी दिवसाला ५० गाठी बांधणारी एक मध्यम जिनिंग घेऊ. एक गाठ १७० किलोची. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे ५० गाठींना २५० क्विंटल कापूस लागतो. सोयीसाठी भाव ७,२०० रुपये धरू. रोजची खरेदी १८ लाखांची झाली. घट वजा जाता १५५ क्विंटलच्या आसपास सरकी निघेल. ३,५०० रुपयांनी तिचे ५ लाख ४२ हजार. रुई ८,५०० किलो, म्हणजे ३५६ किलोच्या खंडीने जवळपास २४ खंड्या. ५५ हजारांनी १३ लाख १३ हजार. दोन्ही मिळून साडेअठरा लाखांवर थोडं. खरेदी वजा केली की दिवसाला ५५ हजार उरतात आणि त्यातूनच वीज, मजुरी, हमाली, दलाली, बारदान सगळं भागवायचं. भाव थोडे इकडेतिकडे झाले तरी चित्र हेच राहतं, कारण या धंद्यात उलाढाल मोठी आणि हातात राहणारं बारीक असतं.

आता तारखा बघू. सरकीचे पैसे लवकर येतात. तेलगिरणीवाला आणि पेंडेचा व्यापारी जवळचे असतात. अडकते ती रुई. गाठ गोदामात पंधरा दिवस राहिली आणि सूतगिरणीने पैसे पंचेचाळीस दिवसांनी दिले, तर दर दिवसाचे १३ लाख साठ दिवस बाहेर राहतात. अकरा टक्क्यांनी त्याचं व्याज जवळपास २४ हजार होतं. हेच साठ दिवस तीसवर आणता आले तर व्याज १२ हजार. पंचावन्न हजारांतून खर्च भागवणाऱ्या माणसाला रोजचे बारा हजार म्हणजे धंदा राहतो की जातो, एवढा फरक आहे. एकूण अडकलेली रक्कम मोजली तर तीस दिवसांच्या फेऱ्यात ती चार कोटींच्या आत राहते आणि साठ दिवसांच्या फेऱ्यात आठ कोटींना टेकते. यंत्रं, मजूर, कापूस आणि भाव सगळं तेच असताना फक्त तारखांमुळे भांडवलाची गरज दुप्पट होते.

यात जीएसटीचं एक ओझं आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा ५ टक्के कर खरेदीदारानेच भरायचा, ही तरतूद १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. तो कर रोखीनेच भरावा लागतो, जमा असलेल्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही. आपल्या जिनिंगला महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेबावीस लाख रुपये असे भरावे लागतील. गाठी विकल्या की त्या करात ते वळते होतात. गाठी गोदामात असल्या तर तेही गोदामातच राहिले. कागदावर हा कर खर्च म्हणून कुठेच दिसत नाही, पण हंगामाच्या ऐन मध्यावर तो रोकड खाऊन टाकतो.

अशा वेळी मालक काय करतो? बँकेचं लिमिट संपलेलं, सूतगिरणीचे पैसे आलेले नाहीत आणि दारात कापसाच्या गाड्या उभ्या. तो शेतकऱ्याला सांगतो, पंधरा दिवसांनी ये, भाव थोडा जास्त लावतो. नगदीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही पेठेत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. समजा ७,२०० ऐवजी पंधरा दिवसांनी ७,३५० द्यायचं ठरलं. मालकाला वाटतं, बिनव्याजी पैसे मिळाले, बँकेत जावं लागलं नाही. वास्तविक ७,२०० रुपये पंधरा दिवस वापरण्याचे त्याने दीडशे रुपये मोजले. पंधरा दिवसांचे दोन टक्के म्हणजे वर्षाचे पन्नास टक्के. अकरा टक्क्यांचं कर्ज मिळत नाही म्हणून घेतलेलं हे पन्नास टक्क्यांचं कर्ज आहे, आणि ते व्याजाच्या खात्यावर न पडता कापसाच्या खरेदीत मिसळून जातं. वर्षाअखेर मालक म्हणतो, यंदा कापूस महाग पडला.

भाव न वाढवता नुसतंच लांबवलं तर? त्याची किंमत जास्तच असते, ती फक्त दुसऱ्या वाटेने येते. पहिल्या वेचणीचा पांढरा, कोरडा, लांब धाग्याचा कापूस नोव्हेंबरमध्ये येतो. त्याच वेळी शेतकऱ्याला रब्बीची पेरणी करायची असते. हरभऱ्याचं बियाणं, खत, वेचणीची मजुरी, दिवाळीची उधारी, सगळं तोंडावर असतं. ज्याच्याकडे त्याच दिवशी चुकारा मिळतो त्याच्या दारात हा कापूस जातो. चुकाऱ्याला उशीर करणाऱ्याच्या वाट्याला नंतरचा माल येतो. त्यात कवडी, पत्ती, ओल, शेवटी फरदड. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर २५० क्विंटलमागे सव्वा क्विंटल रुई कमी निघते, म्हणजे रोजचे एकोणीस हजार. त्याबदल्यात थोडी सरकी वाढते, पण तिची किंमत साडेचार हजारांच्या पुढे जात नाही. धाग्याला सूतगिरणी जी कपात लावते ती निराळीच. ज्या मालकाने चुकारा लांबवून रोज आठेक हजारांचं व्याज वाचवलं असं समजून समाधान मानलं, त्याने जवळपास दुप्पट रक्कम उताऱ्यात घालवली. ताळेबंदात हे दोन आकडे शेजारी शेजारी कधीच येत नाहीत, म्हणून त्यांचा संबंधही कोणाला दिसत नाही.

हे परभणीपुरतंच आहे असं कोणी समजू नये. बेल्जियममधले अभ्यासक मार्क डिलूफ यांनी १९९२ ते १९९६ या काळातल्या तिथल्या १,००९ कंपन्यांचे हिशेब तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. येणं वसूल करायला जास्त दिवस लागणाऱ्या आणि माल जास्त दिवस पडून राहणाऱ्या कंपन्यांचा नफा कमी होता, हे अपेक्षितच होतं. पण देणं जास्त दिवस लांबवणाऱ्या कंपन्यांचाही नफा कमीच निघाला. त्यांचं स्पष्टीकरण असं, की कमी नफ्याच्या कंपन्या बिलं भरायला जास्त वेळ लावतात. म्हणजे देणं लांबणं हे दुखण्याचं लक्षण असतं. पाठ्यपुस्तक त्याला औषध म्हणून सांगतं. मला या निष्कर्षात आपल्या पेठेतलंच शहाणपण दिसतं. ज्याचा चुकारा लांबतो त्याच्याबद्दल शेतकरी आधी कुजबुजतो, मग दलाल, आणि बँकेला कळतं ते सगळ्यांत शेवटी.

साखरेच्या धंद्यात हीच गोष्ट कायद्याच्या पातळीवर लढली गेली आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. दुसऱ्या बाजूला जून २०१८ पासून साखर किती विकायची याचा दरमहा कोटा केंद्र सरकार ठरवून देतं. म्हणजे चार-साडेचार महिन्यांत घेतलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यायचे आणि त्याची साखर बारा महिने विकायची. एफआरपी, म्हणजे उसाचा केंद्राने ठरवलेला किमान दर, २०१८-१९ मध्ये दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती, २०२५-२६ साठी ती सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५ झाली. साखरेची किमान विक्री किंमत मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिली. कारखानदाराची तक्रार खोटी नाही. साखर तारण ठेवून कर्ज काढायचं, त्यातून ऊसबिल द्यायचं आणि वर्षभर व्याज सोसायचं, हे त्याचं वास्तव आहे.

पण या अडचणीवर राज्य सरकारने काय उपाय काढला? २१ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. कारखान्यांची रोखीची ओढाताण शेतकऱ्याच्या अंगावर ढकलली, एवढाच त्याचा अर्थ होता. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मला हा निकाल अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. दुसरा हप्ता ज्याचा लांबतो त्या शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज वेळेत फेडता येत नाही, त्याची व्याजसवलत जाते, खोडव्याला खत उशिरा पडतं आणि पुढच्या वर्षी त्याच कारखान्याला ऊस कमी मिळतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली उसाला पर्याय नाही असं नाही. पैसे वेळेवर येत नाहीत म्हटल्यावर माणूस सोयाबीन आणि हळदीकडे वळतो आणि कारखान्याचे गाळपाचे दिवस घटतात. बंद उभ्या यंत्राचा घसारा आणि व्याज कमी होत नाही.

गंगाखेड शुगरच्या प्रकरणात २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला तेव्हा आरोपच असा होता की शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना न कळवता बँकांकडून कर्जं उचलली गेली. आरोपाची शहानिशा हे न्यायालयाचं काम, माझं नाही. मला त्या प्रकरणामागची रचना महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याच्या नावे कर्ज, कारखान्याची हमी आणि पैशाची वाट कारखान्याकडून, ही पद्धत साखरपट्ट्यात सर्रास आहे. कारखान्याचं खेळतं भांडवल कुठे संपतं आणि शेतकऱ्याचं कर्ज कुठे सुरू होतं याची रेघ पुसट होते, आणि ती पुसट राहण्यात सगळ्यांची तात्पुरती सोय असते. नोटीस मात्र शेतकऱ्याच्या घरी येते.

कापसाच्या धंद्यातली रोखीची बेफिकिरी कुठून आली, याचं एक उत्तर मला इतिहासात दिसतं. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि मधले खंड धरूनही तिने जवळपास तीन दशकं काढली. कापूस खरेदी करायचा पणन महासंघाने, चुकारा द्यायचा महासंघाने, गाठी विकायच्या महासंघाने. जिनिंगवाल्याने पिंजायचं आणि मजुरी घ्यायची. शेतकऱ्यांचे चुकारे रखडले, मोर्चे निघाले, तरी जिनिंगच्या मालकाला भावाची जोखीम नव्हती आणि खरेदीला पैसा लागत नव्हता. योजना गुंडाळली तेव्हा हाच मालक एका हंगामात कोट्यवधींची खरेदी करणारा व्यापारी झाला. शासनाच्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून २००० नंतर नवी यंत्रं आली, नव्या प्रेस आल्या. पैशाचं वेळापत्रक कसं आखायचं हे शिकवायला कोणीच आलं नाही.

त्याचा दणका २०२२ मध्ये दिसला. मे महिन्यात रुईची खंडी एक लाखाच्या वर गेली आणि वर्ष संपेपर्यंत भाव तिथून एक तृतीयांशाहून जास्त उतरला. चढत्या भावात गाठी धरून बसलेल्यांचा कागदावरचा नफा मोठा होता. भाव उतरले तसं बँकेने तारण मालाची किंमत नव्या भावाने धरली, उचल मर्यादा घटली, आणि ज्यांनी जास्तीत जास्त उचल केली होती त्यांना फरक भरा म्हणून सांगण्यात आलं. भरायचा कुठून? गाठी विकून, आणि विकायच्या तर पडलेल्या भावात. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी जुन्या भावाच्या आशेने कापूस घरात ठेवला, तेव्हा यंत्रं रिकामी आणि मुदत कर्जाचे हप्ते चालू, अशी दुहेरी कोंडी झाली. काहींनी तेव्हापासून भारतीय कापूस महामंडळासाठी मजुरीवर गाठी बांधण्याचा रस्ता धरला. त्यात नफा थोडा, पण भांडवल अडकत नाही. याला कोणी माघार म्हणेल. मी म्हणणार नाही. स्वतःच्या पैशाचा आवाका ओळखून धंद्याचा आकार ठरवणं हीच या व्यवसायातली अवघड विद्या आहे.

आता येण्याकडे वळू, कारण सगळा दोष मालकाच्या माथी मारून चालणार नाही. उधारीचं पोतं सव्वा हात रितं, ही म्हण जिनिंगवाल्याइतकी कोणाला लागू नसेल. गाठी कोइम्बतूरला किंवा गुजरातला जातात आणि पैसे कधी द्यायचे हे सूतगिरणी ठरवते. कायदा जिनिंगच्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातल्यापासून ही मुदत ओलांडणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावटही मिळत नाही. तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं. एवढं असूनही लहान जिनिंगवाला तक्रार करायला धजत नाही. पुढच्या हंगामात त्याला तोच खरेदीदार आणि तोच दलाल लागणार असतो. बिल वटवून देणाऱ्या ट्रेड्सच्या मंचांवर अडीचशे कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण नोंदणी झाली म्हणून बिल मान्य केलं जाईलच असं नाही, आणि बिल मान्य झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. ही मान्यता ठरावीक दिवसांत देणं किंवा कारण देऊन नाकारणं बंधनकारक केलं, तर मानवतच्या गाठीचे पैसे दोन महिन्यांऐवजी दोन आठवड्यांत येऊ शकतील आणि त्याच पैशाने शेतकऱ्याचा चुकारा होईल.

मालकाने स्वतः करायची गोष्ट तुलनेने सोपी आहे, तरी ती होत नाही. कंपनी कायद्याने लहान कंपन्यांना रोख प्रवाहाचं पत्रक जोडण्यातून सूट आहे. भागीदारी आणि एकमालकी धंद्यांना ते कधी लागतच नव्हतं. म्हणून जिल्ह्यातल्या बहुतेक कारखान्यांत ते तयारच होत नाही. ताळेबंद बनतो तो प्राप्तिकरासाठी आणि बँकेसाठी, तोही हंगाम उलटून गेल्यावर. ऑक्टोबर ते मार्च दर सोमवारी एक पान लिहिलं तरी पुरे: या आठवड्यात कोणाला किती चुकारा, जीएसटीचा भरणा कधी, कोणत्या गिरणीचं बिल किती दिवसांचं झालं, किती गाठी न विकलेल्या आणि आज विकल्या तर काय मिळेल. मुनीमजींच्या डोक्यात हे सगळं असतं, असं सांगतात. डोक्यात असलेलं खरेदीच्या फडावर उभ्या असलेल्या मालकाला उपयोगी पडत नाही. खंडी आणखी दोन हजारांनी वाढेल म्हणून गाठ धरायची की विकून उद्याचा चुकारा करायचा, हा निर्णय तिथे मिनिटभरात घ्यावा लागतो.

राहता राहिली बँक. पाच कोटींपर्यंतच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीची पद्धत अजून चालते. वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के लिमिट. तिच्यामागे पैसा वर्षातून चार वेळा फिरतो असं गृहीत धरलेलं आहे. बारमाही चालणाऱ्या सुट्या भागांच्या कारखान्याला हे बरोबर आहे. आपल्या ५० गाठींच्या जिनिंगची १२० दिवसांची उलाढाल सव्वाबावीस कोटी, म्हणजे लिमिट साडेचार कोटींच्या जवळ. फेरा तीस दिवसांचा असेल तर ते पुरतं. साठ दिवसांचा झाला की साडेतीन कोटी कमी पडतात, आणि ते शेतकऱ्याच्या उधारीतून भरून काढले जातात. उलट एप्रिल ते सप्टेंबर हेच लिमिट जवळजवळ रिकामं पडून असतं. हंगामी धंद्याला हंगामाचं वेगळं आणि बिगरहंगामाचं वेगळं लिमिट देण्याची सोय बँकांकडे आहे. मुदत कर्जाचे हप्तेही सुगीच्या महिन्यांत जास्त आणि पावसाळ्यात कमी असे बांधता येतात. परभणीत हे मागून घ्यावं लागतं.

आणि मागायचं ते वेळेत मिळायला हवं. नूतनीकरणाची फाइल लेखापरीक्षित ताळेबंदासाठी अडते, तो सप्टेंबरअखेर तयार होतो, मग शाखेतून विभागीय कार्यालय, तिथून शेरे, शेऱ्यांना उत्तरं. वाढीव लिमिट डिसेंबरमध्ये हातात पडतं. तोवर पहिल्या वेचणीचा कापूस, ज्याच्याकडे रोकड होती त्याच्या फडात जाऊन पिंजूनही झालेला असतो. जिल्ह्यातल्या बँकांच्या बैठकांमध्ये पीककर्जाच्या उद्दिष्टांवर तासन्‌तास चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. त्याच बैठकीत दर जुलैला एक विषय वाढवावा: तात्पुरत्या ताळेबंदावर ३० सप्टेंबरपूर्वी किती जिनिंगची हंगामी लिमिटं मंजूर झाली. पीककर्ज घेऊन पिकवलेल्या कापसाचा चुकारा याच लिमिटमधून होतो.